स्टील गिटार वाजली नाही तर गाणार नाही

पद्माकर वर्तक मूळचा मिरजेचा. जर्मनीतल्या रेगेन्सबर्गच्या एका गाड्यांच्या कारखान्यात तो गिअरबॉक्स तपासतो, म्हणजे दिवसभर कान लावून बसतो आणि कुठे खरखर ऐकू आली की यंत्र थांबवतो. ही सवय तो घरीही घेऊन येतो. चटणीत पाणी कमी पडलंय, हे त्याने मिक्सरच्या आवाजावरून आपल्या बायकोला, चारुलताला, बाहेरच्या खोलीतून सांगितलेलं आहे. अशा माणसाला वेड लागलंच तर ते आवाजाचं लागणार, हे आम्हा इथल्या मराठी मंडळींना कळायला हवं होतं. पण ते अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यांचं लागेल, आणि तेही बव्हेरियात, असं कोणाला वाटलं नव्हतं.

डोनाऊ नदीच्या काठावरच्या एका गावात वेस्टर्न क्लब आहे. आठवडाभर विमा विकणारी, नळ जोडणारी, दात बसवणारी जर्मन माणसं शनिवारी तिथे मोठ्या हॅट घालून, कमरेला खोटी पिस्तुलं लावून येतात आणि एकमेकांना जिम नि बिली म्हणतात. पिस्तुलं दाराशी जमा करावी लागतात. पिस्तूल खोटं असलं तरी नियम खरा आहे. अध्यक्ष हेर ब्रुकमायर एरवी करसल्लागार असतात, शनिवारी शेरीफ.

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने पद्माकरला तिथे नेलं. शेरीफने विचारलं, "कुठले तुम्ही?"

"इंडियाचा."

शेरीफ जरा अडचणीत आला. "आल्झो, म्हणजे, आमच्याकडे इंडियन आहे," तो म्हणाला आणि त्याने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे डोक्यावर रेड इंडियनांचा पिसांचा मुकुट घातलेला अलोइस बसून बिअर पीत होता. तो पेशाने दंततंत्रज्ञ. त्याला सगळे चीफ म्हणत. चीफने उठून पद्माकरशी हात मिळवला आणि सरकून जागा करून दिली.

त्याच संध्याकाळी पद्माकरला स्टेजवर चादरीखाली झाकलेली स्टील गिटार दिसली. ही गिटार काखेत धरायची नसते. ती टेबलासारखी पुढ्यात आडवी असते, डाव्या हातातला पोलादी दांडा तारांवरून सरकवायचा आणि खालचे पेडल पायांनी दाबायचे. वाजवणाऱ्याची पाठ धरल्यापासून ती तशीच पडून होती. पद्माकरने वाकून तिच्या पोटाखालचे दांडे आणि सांधे पाहिले, मग तार छेडून दांडा तिच्यावरून हळूच सरकवला. एका सुरातून दुसरा सूर न तुटता निघाला.

"ही मींड आहे," तो मराठीतच म्हणाला.

त्यानंतर शेरीफच्या परवानगीने ती घरी नेऊन त्याने इमारतीच्या केलरमध्ये, म्हणजे तळघरात, सराव सुरू केला. पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बाईंनी चारुलताला जिन्यात थांबवून हळुवारपणे विचारलं, घरात कोणी आजारी आहे का. वर्षभराने मात्र तो बरा वाजवू लागला. तेवढ्यात क्लबचा गायक नोकरीसाठी हॅम्बर्गला गेला आणि पद्माकर गाऊही लागला. घोडा त्याने आयुष्यात फक्त माथेरानला पाहिला होता, आणि तोही त्याला पाहून मागे सरकला होता. तरी तो टेक्सासच्या कुरणांबद्दल अशा काही आर्ततेने गाई, की नळ जोडणारा जिम डोळे पुसायचा.

इथवर ठीक होतं. पण मग पद्माकर तत्त्वाचा माणूस झाला. स्टील गिटारशिवाय कंट्री, म्हणजे गुराख्यांचं, गाणं म्हणजे फोडणीशिवाय वरण, असं तो म्हणू लागला. स्टील नसेल तर गाणार नाही, असं त्याने जाहीर केलं. प्रत्येक गाण्याआधी तो भाषण करी, की कंट्रीच्या माहेरी, अमेरिकेतल्या नॅशव्हिलमध्ये, नव्या लोकांनी ही गिटार कशी अडगळीत टाकली आणि काही मोजक्या गायकांनी ती कशी जपली. त्या मोजक्यांत तो स्वतःलाही धरत होता.

आमच्या मंडळाच्या गणपतीत कार्यवाह शोभनाताईंनी त्याला एखादं भावगीत म्हणायला सांगितलं. "ही गिटार त्यासाठी नाही," असं म्हणून त्याने एका ट्रक ड्रायव्हरच्या घटस्फोटाचं गाणं घेतलं. तारा रडायला लागल्या. पुण्याहून आलेले शोभनाताईंचे सासरे, वासुदेवकाका, मोदकाची बशी खाली ठेवून शेजारच्याला म्हणाले, "अहो, कोण गेलं?"

पद्माकरची मुलगी अन्वी मागच्या रांगेत होती. ती मराठी समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. "पाइनलिश," ती एवढंच म्हणाली. त्याचा अर्थ लाजिरवाणं. घरी जाताना गाडीत पद्माकर म्हणाला, "लोकांचे कान तयार नाहीत."

क्लबमध्येही कान तयार नव्हते. तिथल्या लाइन डान्सच्या बायकांना रांगेत पावलं टाकायला ठोका हवा होता, आणि स्टील गिटार ऐकताना पावलं जड होतात अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या पुढारी फ्राऊ झाइडल यांनी लॅपटॉपवर तयार ठेका आणला आणि सर्वसाधारण सभेत ठराव मांडला, की यापुढे वाद्यवृंदात स्टील गिटार नसावी. शेरीफने टेबलावर हातोडी आपटली.

पद्माकरने हॅट काढून भाषण केलं. "स्टील काढली तर उरेल काय? हॅट?"

"गेनाऊ, अगदी तेच," फ्राऊ झाइडल म्हणाल्या.

ठराव मंजूर झाला. विरोधात पद्माकर आणि चीफ असे दोनच हात वर गेले. चीफचं मत बाद करावं का, यावरही थोडी चर्चा झाली, कारण मतदानाच्या वेळी त्याने मुकुट काढला नव्हता.

पद्माकरने तिथल्या तिथे राजीनामा दिला. शेरीफ शांतपणे म्हणाला, "जा, पण नोटीसचा काळ तीन महिन्यांचा." म्हणून तीन महिने तो दर शनिवारी हॅट घालून आला, गिटारच्या मागे बसला, तारा लावल्या आणि वायर न जोडता नुसता बसून राहिला. लॅपटॉप वाजत होता. बायका पावलं टाकत होत्या. त्याला वाईट याचं वाटलं, की कोणाचंच पाऊल चुकत नव्हतं.

नोटीस संपली तशी चीफने ती गिटार आपल्या गाडीत चढवली. क्लबला ती नकोच होती. "आई वृद्धाश्रमात आहे," तो म्हणाला. "रविवारी दुपारी तिथे फार कंटाळा असतो. येतोस?"

पद्माकर गेला, चारुलताही गेली. तिथल्या दिवाणखान्यात चाकांच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि कॉफीची वेळ होती. चीफ मुकुटाशिवाय होता, त्यामुळे पद्माकरला तो क्षणभर ओळखूच आला नाही. नॅशव्हिलचं भाषण सुरू करताच एका आजींनी "मोठ्याने" म्हणून सांगितलं, दुसऱ्यांनी "पुरे" म्हणून सांगितलं. मग त्याने ते सोडलं आणि ट्रक ड्रायव्हरचं गाणं म्हटलं.

ते संपल्यावर खिडकीशी बसलेल्या हेर लेखनर नावाच्या गृहस्थांनी हात वर केला. "मला इंग्रजी येत नाही. काय म्हणतो तो?"

पद्माकरने आपल्या कारखान्यातल्या जर्मनमध्ये सांगितलं, "बायको सोडून गेली. कुत्राही घेऊन गेली. तो ट्रक चालवतोय."

"माझीही गेली," हेर लेखनर म्हणाले. "पण कुत्रा माझ्याकडे राहिला. वाल्डी. चांगला होता."

पद्माकरने दांडा पुसला आणि गाणं पुन्हा सुरू केलं. कुत्र्याच्या ओळीशी आल्यावर तो अडखळला, मग म्हणाला, वाल्डी राहिला. सूर ओढत ओढत त्याने ते नाव इतकं लांबवलं, की हेर लेखनरांच्या हातातली कॉफी तशीच निवून गेली.

आता तो दर रविवारी जातो. हेर लेखनर तेच गाणं मागतात, बाकीचेही त्याला सरावलेत. चारुलता शंकरपाळी नेते, ती कॉफीत बुडवून खायची असा तिथे समज झाला आहे.

पहिल्या रविवारी परतताना मात्र पद्माकर अस्वस्थ होता. चौकात गाडी थांबली तेव्हा तो म्हणाला, "मूळ गाण्यात कुत्र्याला नाव नाही. शिवाय तो तिच्याबरोबर जातो. हे तसं चूकच झालं माझं."

"अहो," चारुलता म्हणाली, "सिग्नल हिरवा झालाय."