खंडेनवमीची खोली

आमच्या भोरच्या शाळेत संगणकांची एक खोली होती आणि तिला बारमाही कुलूप होतं. ते निघायचं फक्त खंडेनवमीला. संस्थेचे अध्यक्ष यायचे. प्रत्येक संगणकाला झेंडूचा हार, कळफलकावर हळदकुंकू, पुढ्यात नारळ. मग पुन्हा प्लॅस्टिकची खोळ आणि कुलूप. मी भूगोल शिकवायचो. दरवर्षी हा प्रकार बघून माझं डोकं फिरायचं.

२००५ साली फौजिया मॅडम संगणक शिकवायला आल्या. कापूरहोळला टायरचं पंक्चर काढणाऱ्या जहांगीरभाईंची ही मुलगी. खंडेनवमीला जहांगीरभाईही शेजाऱ्यांसारखे आपल्या पान्यांना झेंडू वाहायचे, पण हार सुकायच्या आत तेच पाने ग्रीसमध्ये बुडालेले असायचे. फौजियांनी आल्या आल्या मुख्याध्यापकांकडून किल्ली मागून घेतली.

त्यांनी फ्लॉपीवरून एक साधा गेम आणला. ब्राउझरमध्ये उघडायचा, वरून चेंडू पडतो तो टोपलीत झेलायचा. पोरं खेळून दमली तेव्हा त्यांनी तीच फाइल नोटपॅडमध्ये उघडली. गेमच्या पोटात नुसत्या ओळी.

"पंक्चर काढायचं तर टायर खोलावा लागतो," त्या म्हणाल्या. "हा आकडा बदला आणि परत खेळा."

चेंडू सुसाट पडला आणि पोरांना चेव चढला. कुणी चेंडूचा टोमॅटो केला, कुणी टोपली अख्ख्या पडद्याएवढी. सोनिया हिर्डोशीची. एसटी चुकली की तिची शाळा बुडायची. तिने चेंडू आडवा पळवला, लाल केला आणि त्याची एसटी केली. टोपलीच्या जागी थांब्यावर उभी असलेली मुलगी.

मुख्याध्यापक रखमाजी सरांनी हे खिडकीतून पाहिलं. "शाळेत गेम? उद्या मशीन बिघडलं तर संस्थेला काय तोंड दाखवू?" त्याच दिवशी किल्ली त्यांच्या खिशात गेली. फौजियांनी समजावलं, मग भांडल्या. मीही आवाज चढवला. पालथ्या घड्यावर पाणी. "अध्यक्ष येतील तेव्हा त्यांनाच विचारा," सर म्हणाले. वापरलं तर झिजेल म्हणून जपायचं आणि जपून जपून मारायचं, याला आमच्याकडे शिस्त म्हणतात. संताप येतो तो याचा.

खंडेनवमी आली. अध्यक्षांनी दाराजवळच्या संगणकाची साग्रसंगीत पूजा केली. मूठभर कुंकू कळफलकावर, वर पळीभर पाणी. तोवर फौजियांनी कोपऱ्यातला संगणक सुरू केला होता. "साहेब, मुलांचं काम बघा."

अध्यक्ष खेळायला बसले. एसटी आली आणि मुलीसमोरून निघून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली.

"ही थांबत का नाही?"

"आमच्याकडं अशीच करती, सायेब. भरली आसली की थांबत न्हाई," सोनिया म्हणाली. "पन हितं थांबिवता येती."

तिने नोटपॅड उघडलं, एक ओळ घातली, फाइल सेव्ह केली. गाडी थांबली. मुलगी चढली.

अध्यक्ष खूश. त्यांनी पोरीची पाठ थोपटली, पूजेतला नारळ तिच्या हातात दिला आणि फोटोवाल्याला बोलावलं. मागे रखमाजी सर खोळी चढवायलाही लागले होते. फौजियांचा चेहरा रागाने लाल झाला होता, पण त्या काही बोलायच्या आत सोनियाने नारळ टेबलावर ठेवला.

"नारळ नको, सायेब. किल्ली द्या."

फोटोवाला कॅमेरा रोखून उभा होता, म्हणूनच असेल, अध्यक्षांनी सरांपुढे हात केला. किल्ली फौजियांना मिळाली. त्यांनी आभार मानले नाहीत, आणि बरं केलं.

दसरा उलटल्यावर खोली उघडली. पोरांनी कळफलक उलटे करून झटकले. कुंकू, अक्षता, पाकळ्या, सगळं बाहेर पडलं. एकेक संगणक सुरू झाला. दाराजवळचा तेवढा कळफलक मेलेला होता. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने पुजलेला.