यांची साखर आणि माझं चालणं

लग्न होऊन डहाणूला आले तेव्हा समुद्र आमच्या वाडीपासून हाकेच्या अंतरावर होता, आणि पहिली कित्येक वर्षं मी तो नुसता ऐकला. चिकूची झाडं, भाजीचे वाफे, सासूबाई, दोन मुलं. घरच्या बाईनं किनाऱ्यावर जावं असं काही कारणच नव्हतं.

पन्नासचं दशक संपता संपता यांना मधुमेह निघाला. स्टेशनजवळचे डॉक्टर गुजराती होते. म्हणाले, "गोळ्या देतो, पण रोज सकाळी चालायचं. वाडीत नाय हां. सरळ, घाम येईपर्यंत."

हे कचरले. काही काम नसताना माणूस एकटा चालत सुटला तर लोक विचारणार, आणि आजाराची बातमी पार शेजारच्या मसोली गावापर्यंत जाणार. मला म्हणाले, "तूही चल. जोडीनं असलं की कुणी विचारत नाही." सासूबाई कुरकुरल्या, पण मुलाच्या प्रकृतीपुढे त्यांचं काही चाललं नाही.

तसे आम्ही निघू लागलो. सुरूच्या झाडांखालून किनाऱ्याला उतरायचं आणि ओल्या वाळूवरून चालायचं. घरात माझ्याशी जेवणापुरतं बोलणारा माणूस तिथे पावसाबद्दल, कलमांबद्दल, स्वतःच्या लहानपणाबद्दल बोलायचा. बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी कोळीण मला ओळखू लागली. "आज उशीर झाला गो बाय," म्हणायची. धाकट्याच्या बाळंतपणापासून धरलेली माझी कंबर मोकळी झाली. भूक लागू लागली. डॉक्टरांचं औषध यांना होतं, आणि गुण मलाही येत होता.

पुढच्या हिवाळ्यात गंजाडला यांच्या मामांकडे लग्न होतं. एस.टी. रानशेतला बंद पडली. दुसरी गाडी कधी येईल ते कंडक्टरला सांगता येईना. हे मोठ्या ऐटीत म्हणाले, "आपल्याला चालायची सवय आहे. चला." आणखी काही वऱ्हाडी आमच्याबरोबर निघाले. ऊन चढलं तसे हे मागे पडू लागले. शेवटी रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाखाली बसले आणि मला म्हणाले, "तू दमलीस. बस जरा."

"मी नाही दमले," मी म्हटलं. "तुम्ही बसा, मी उभी आहे."

वऱ्हाडातला एक जण हसला. मी खरं तेच सांगितलं होतं. यांनी मान वर केली नाही. उठले ते गंजाडपर्यंत वऱ्हाड्यांबरोबरच चालले.

परत आल्यावर डॉक्टरांनी साखर उतरल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी वेणी घालून, पदर खोचून ओटीवर येऊन थांबले. हे झोपाळ्यावर चहा पीत बसले होते.

"आता गरज नाही," म्हणाले.

"मग मी एकटी जाऊन येऊ?"

"तुला काय झालंय? आजारी आहेस का?"

मला काही झालं नव्हतं. मी आत जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

पावसाळ्यानंतर साखर पुन्हा चढली. तोपर्यंत तलासरीहून बदलून आलेले एक मास्तर यांचे स्नेही झाले होते. दोघं रोज फिरायला जाऊ लागले. परतले की ओटीवर बसून प्रकृतीच्या गप्पा मारायचे, आणि मी चहा न्यायची. एकदा मास्तरांनी सहज विचारलं, "वहिनी नाही येत कधी?" हे म्हणाले, "तिला घरकामात व्यायाम होतो की." मास्तरांना ते पटलं. मी कपबशा उचलल्या.

तसं चार-पाच वर्षं चाललं. मग मास्तरांची पुन्हा बदली झाली. त्यांचं सामान गेलं त्या संध्याकाळी हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "उद्यापासून तू येत जा," म्हणाले. आवाज मऊ होता. खरंच एकटे पडले होते.

मी चुलीवरून नजर काढली नाही. "मला कुठे काय झालंय?" म्हटलं.

हे ओटीवर निघून गेले. काही दिवस एकटे फिरून आले, नंतर तेही सोडलं. मीही गेले नाही. त्या एका वाक्यानं मी माझीही वाट बंद करून घेतली, हे मला बोलतानाच कळत होतं. पण तेवढं एक वाक्य माझ्या हातात होतं, आणि ते मला सोडवलं नाही.