'नाहीतर' हा माझाच शब्द

तीन वर्षं मी बायकांच्या संघटनेकडून पोटगीची पत्रकं वाटली. गारखेड्यात, पडेगावात, कोर्टाच्या फाटकावर. त्यावरची ठळक ओळ माझी होती : 'लेकराची पोटगी भरा, नाहीतर तुरुंगात जा!' लिहिताना लई जोर वाटला होता.

माझा सख्खा भाऊ कंपनीत कंत्राटावर कामाला. वहिनी त्याच्यापासून वेगळी, सात वर्षांच्या पोरीला घेऊन गारखेड्यात एका खोलीत राहते. कोर्टानं पोरीसाठी पोटगी ठरवली. दादानं दोनदा भरली, मग बंद. का, तर "तिला माज आलाय." आणि पोरीला काय आलंय?

पोलीस वॉरंट घेऊन आमच्या पडेगावच्या घरी आले तेव्हा आमचे वडील, आबा, मेंढरं सोडत होते. ते हात जोडून म्हणाले, "साहेब, दोन मेंढरं इकतो, भरतो पैसे."

दादा चक्क हसला. "कशाला इकता? महिनाभर आत बसतो, फिटलं समदं. हिनंच छापलंय की! भरा नाहीतर आत जा. मी आत जातो."

'नाहीतर' त्यानं असा वाचला होता : हे नको तर ते घ्या. आणि चूक त्याची नव्हती, ओळच तशी होती. मी ओरडले, "अरे, आत बसून एक रुपया फिटत नाही! बाकी तशीच राहते!"

"आता सांगतीस व्हय?" म्हणत तो स्वतःहून गाडीत जाऊन बसला. कोर्टातही "भरणार नाय" म्हणाला.

महिन्यानं सुटला, तर ठेकेदारानं गेटच्या आत घेतलं नाही. थकबाकी जिथल्या तिथं, पगार मात्र गेला. इकडं पोरीची शाळेची रिक्षा बंद झाली. वहिनी तिला पायी सोडून कामावर उशिरा पोचते, म्हणून तिचेही पैसे कापतात. शिक्षा नेमकी कुणाला झाली, ते सांगा!

मी माफी मागायला गेले. वहिनी भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुमच्या भावाला महिनाभर सरकारनं जेवू घातलं. माझ्या पोरीला कुणी घातलं? रडू नका. नवा अर्ज लिहून द्या. आबांच्या मेंढरांवर नको, त्याच्या कमाईवर. जिथं कामाला लागंल तिथून परस्पर कापून मिळू द्या."

मी तिथंच बसून लिहिला. विरुद्ध पक्षाच्या रकान्यात दादाचं नाव घातलं. पत्ता वहिनीला विचारावा लागला नाही, मीही त्याच घरात राहते.

मग आईला फोन करून सांगितलं, अर्ज मीच लिहिलाय, उद्या दाखल करणार. तिनं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "मग आता राहशील कुठं?"