तांदळात लिहिलेलं नाव

बाबांनी मृत्युपत्र लिहायला घेतलं तेव्हा ते पन्नाशीचे होते आणि आमच्या हिंदी मुलखातल्या शहरातली मदन महलची टेकडी रोज पायी चढून येत होते. त्यांच्या शाळेतले एक शिक्षक अचानक गेले होते. त्यांची बायको घर आपल्या नावावर करून घ्यायला दोन वर्षं सिविल लाइंसच्या कचेऱ्यांत चकरा मारत होती. बाबा एकदा तिच्यासोबत गेले आणि परत आल्यावर हातपायही न धुता कागद घेऊन बसले. आपल्यामागे घर विनाकटकट आईच्या नावावर व्हावं, एवढंच त्यांना हवं होतं.

आईला ते मुळीच रुचलं नाही. "चांगले धडधाकट आहात, काहून हे अभद्र लिहून राहिले?" म्हणत ती स्वयंपाकघरात निघून गेली. मी तेव्हा चोवीस वर्षांचा दीडशहाणा. मीही तिची री ओढली. एवढ्यात कशाला, मी आहे ना, असं म्हणालो. मी आहे म्हणजे नेमकं काय करणार होतो, ते मला आजही सांगता येणार नाही.

साक्षीदार म्हणून बाबांनी शेजारच्या काकांना बोलावलं. ते कोर्टातले निवृत्त बाबू, घरात हिंदी बोलणारे; गल्लीतली मतदार कार्डं त्यांनीच घरोघर वाटली होती. हिंदीत लिहिलेला कागद वाचता वाचता ते थांबले.

"मास्साब, ये किसका नाम है? कार्ड में तो भाभी जी का नाम दूसरा है।"

बाबांनी फडताळातून कार्ड काढलं. त्यावर आईचं माहेरचं नाव होतं. मृत्युपत्रात होतं ते लग्नातलं, ताटातल्या तांदळात बाबांनी अंगठीनं लिहिलेलं. सुनेचं नाव बदलायची आमची रीत समजावताना बाबांची त्रेधा उडाली. पहिलं नाव वाईट होतं का, असं काकांनी अगदी सरळपणे विचारलं.

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "कार्डाच्या फॉर्मवाल्या दीदीनं नाव विचारलं. इतक्या वर्षांत मला कोणी पहिल्यांदाच विचारून राहिलं होतं. मी माझं सांगितलं."

पुढचं वर्ष कागद जमवण्यात गेलं. दोन्ही नावांची बाई एकच आहे याचं शपथपत्र झालं, पेपरात जाहिरात दिली. शाळेचा दाखला आणायला बाबा स्वतः वर्ध्याला आईच्या शाळेत जाऊन आले. आल्यावर दाखला तिच्या हातात दिला आणि जेवायला बसले. मग त्यांनी मृत्युपत्र पुन्हा लिहिलं आणि रजिस्टर केलं. आईनं ते वाचलं नाही.

पाच वर्षांनी बाबा गेले. त्या सकाळीही ते टेकडी चढून आले होते. माझं ते 'एवढ्यात कशाला' आठवलं की अजून स्वतःचा राग येतो.

घर नावावर करायला आईला घेऊन कचेरीत गेलो, तेव्हा मी भांडायच्या तयारीत होतो. भांडायला काही उरलंच नव्हतं. तिथल्या बाबूनं कागद चाळले आणि नाव पक्कं करायला मृत्युपत्रातली ती ओळ मोठ्यानं वाचली. आधी आईचं माहेरचं नाव, आणि पुढे, "जिनका नाम विवाह के समय मैंने बिना पूछे बदल दिया।" असं कोणी लिहीत नाही, म्हणून त्यानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग त्यानं सही करायची जागा दाखवली. आईनं पेन उचललं आणि शाळेतल्या मुलीसारखं एकेक अक्षर सुटं काढत आपलं नाव लिहिलं.

ऑटोनं आम्ही घरी निघालो. बाबा तिला आयुष्यभर 'अगं'च म्हणत आले होते. वर्ध्याहून आल्यावरही त्यात फरक पडला नव्हता. घर जवळ आलं तेव्हा ती बाहेर बघत म्हणाली, "कागदावर लिहिलं. एकदा त्या नावानं हाकही मारायची होती त्यांनी."