दाजीसाहेबांचे पाय आणि माझं लाल औषध

पटकीचं औषध माझ्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली, चार दिवस पडून होतं आणि गावात पाचवं माणूस अंथरुणाला लागलं होतं. ते पाचवं माणूस म्हणजे सोनाक्का. मी तिच्याच घरात राहत होते.

गोष्ट चाळीस सालानंतरची, गोऱ्यांचं राज्य जायच्या आधीची. मी बावीस वर्षांची. सांगलीला नर्सिंग शिकून वडूजच्या डिस्पेन्सरीत लागले होते. तिथून बैलगाडीनं तीन तासांवरच्या एका कोरडवाहू गावात माझी ड्यूटी. मान ताठ, वेणी घट्ट, आणि अक्कल त्या वेणीतच कुठंतरी गुंतलेली.

पटकी म्हणजे कॉलरा. तो पाण्यातून पसरतो. तेव्हा त्यावर उपाय एकच : विहिरीत परमँगनेट टाकायचं. जांभळे दाणे असतात. ते भांड्यात विरघळवून विहिरीत ओतायचे. पाणी गुलाबी होतं. रात्रभर कुणी भरायचं नाही, सकाळी रंग उतरला की प्यायला मोकळं. लोक त्याला लाल औषध म्हणत. डॉक्टरांनी डबा पाठवला होता, वर चिठ्ठी : 'आजच टाका.'

मी टाकलं नाही. कारण दाजीसाहेब म्हणाले होते की ते गोऱ्या सरकारचं विष आहे.

दाजीसाहेब त्या पट्ट्याचे पुढारी. उंचेपुरे, आवाज असा की झाडावरची पाखरं उडावीत. ते सरकारच्या विरुद्ध होते, पण सरकारला त्यांचा फारसा त्रास झाला नाही. जो झाला तो आम्हाला. सरकारी म्हणून त्यांनी गावची शाळा जाळली. वडूजचा बाजार बंद करायला लावला, तर लोकांचा कांदा घरात सडला. कुणी कुरकुरलं तर चावडीपुढं फटके.

आणि मी? माझा पांढरा ॲप्रन विलायती गिरणीच्या कापडाचा म्हणून मी त्यांच्या सभेत होळीत टाकला, आणि दुसऱ्या दिवशी जुन्या धोतराचं फडकं कमरेला बांधून एकीचं बाळंतपण करायला गेले. शाळा जळाली तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं, भिंतींना ओल होतीच." अशी हुशार मुलगी सांगलीच्या हॉस्पिटलानं पास केली होती.

सोनाक्काचे डोळे दुपारपर्यंत खोल गेले. बोटांची कातडी सुरकुतली. मी मीठ घातलेली पेज चमच्याचमच्यानं तिला पाजत होते. त्याआधी दोघं गेली होती, तेव्हा मी 'देवाची मर्जी' म्हणाले होते. आता मी चमचा खाली ठेवला. मी उठले आणि ट्रंकेतून डबा काढला.

"त्ये हिरीत टाकू नगं, बाई," सोनाक्का म्हणाली. "सायबानं न्हाई म्हटलंय."

"आवं सोनाक्का, तुमी मरायला टेकलाय."

"मेले तर मेले."

"त्यांनी तुमच्या दिराला फटके मारले. दावणीचा बैल नेला. तरी तुमचं आपलं सायेब, सायेब."

तिनं पेजेची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "म्हणूनच तर. दीर मार खाऊन बसला, बैल गेला. आता सायेब चुकला म्हणलं, तर ह्ये समदं कशापायी गेलं?"

त्या एका वाक्यानं मला सांगलीचा वॉर्ड आठवला. पोटदुखीवर वैदूकडून तापल्या विळ्याचे डाग घेऊन रोगी यायचे. पोट तसंच दुखायचं, वर जखम चिघळायची. पण त्या वैदूला कुणी शिवी दिली तर तेच रोगी आमच्या अंगावर यायचे. ज्याला जास्त डाग, तो जास्त चिडायचा. इतकं सोसलं ते फुकट, असं स्वतःच्या तोंडानं कोण म्हणेल? मी तरी कुठं म्हणत होते? माझाही ॲप्रन जळाला होता.

औषध चोरून टाकता येत नव्हतं. विहिरीवर दाजीसाहेबांचे दोन गडी काठ्या घेऊन बसलेले. पण त्याच संध्याकाळी साहेब स्वतः गावात यायचे होते, आणि ते आले की त्यांचे पाय धुवायची रीत होती. बायका ते पाणी तीर्थ म्हणून घ्यायच्या. मीही दोनदा घेतलं होतं. पटकीच्या दिवसांत, नर्स असून. हसा खुशाल.

साहेब मारुतीच्या देवळात टेकले होते. मी वाकून पाया पडले.

"साहेब, आज पाय धुवायचा मान मला द्या."

"घे की पोरी. तू तर शिकलेली."

"एक विनंती आहे. चार बायांनी तीर्थ घेतलं तर चौघींचंच भलं व्हायचं. विहिरीत गेलं तर गावाचं होईल. पण कुणी तोंडाला लावायचं नाही आणि रात्रभर विहिरीला कळशी लागायची नाही, असं तुम्हीच सांगायला पाहिजे. माझं कोण ऐकतंय?"

साहेबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "हे माझ्या मनात होतंच," ते म्हणाले.

मी तांब्याच्या घंगाळात अख्खा डबा विरघळवला आणि वर गुलाबाच्या पाकळ्या टाकल्या. साहेबांनी दोन्ही पाय आत सोडले, आणि गावाला हुकूम सोडला. ज्या गड्यांनी औषध अडवायचं होतं, तेच ते घंगाळ वाजतगाजत विहिरीवर घेऊन गेले आणि काठावर रात्रभर पहारा द्यायला बसले.

सकाळी पाण्यावर फिकट गुलाबी झाक होती. एक म्हातारा वाकून बघत म्हणाला, "ह्ये तर त्ये लाल औषध दिसतंय रं."

"गप बस गड्या," पहाऱ्यावरचा एक जण म्हणाला. "सायबाच्या पायाचं त्येज हाय."

म्हाताऱ्यानं पुन्हा बघितलं. "व्हय की," म्हणाला.

त्यानंतर आठवडाभरात नवा रोगी आला नाही. सोनाक्का उठून बसली. पण परमँगनेटनं कातडी तपकिरी पडते, हे मी विसरले होते. तिसऱ्या दिवशी साहेबांनी बोलावून घेतलं. पाय घोट्यापर्यंत भाजलेल्या वांग्यासारखे.

"बाई, हे काय झालं?"

मी खरं सांगायला गेले. पण तोंडातून निघालं ते असं : "साहेब, सगळ्या गावाची पटकी तुम्ही पायात ओढून घेतलीत."

मला वाटलं, आता फटके. साहेबांनी पायांकडे बघितलं. त्यांचे डोळे भरून आले. त्या दिवशी कळलं की साहेबांचा सगळ्यात मोठा भक्त कोण होता.

पुढं अडचण झाली. शेजारच्या गावात पटकी आली तर माणसं डिस्पेन्सरीकडं न येता साहेबांना न्यायला गाडी घेऊन गेली. नुसत्या पाण्यात पाय धुऊन ते तिथं माणसं मारणार होते. मी वडूजला धावले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. चार दिवसांचंही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"नोकरी घालवावी असं काम केलंत तुम्ही. नंतरचं नव्हे, आधीचं."

"होय सर."

"आता पाय त्यांचे, औषध आपलं. गाडीत बसा."

सोनाक्का सोबत आली. घंगाळ तीच धरायची. दाणे तिच्या डोळ्यांदेखत पाण्यात पडायचे. पहिल्या गावात ती दाण्यांकडं नुसती बघत राहिली. दुसऱ्या गावात हळूच म्हणाली, "बाई, आणि एक मूठ टाक. हीर मोठी हाय."

सात गावांच्या विहिरी आम्ही केल्या. सातही ठिकाणी पटकी थांबली आणि सातही ठिकाणी जयजयकार साहेबांचा झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण नर्सचं काम रोग थांबवायचं. तो मी थांबवला, आणि ती ऐट मी आजही मिरवते.

राज्य बदललं, शाळा पुन्हा उभी राहिली, दाजीसाहेबांना कुणी विचारेनासं झालं. आता त्या सात गावांत फिरून विचारा. त्यांचं तीर्थ घेतलेलं एक माणूस सापडायचं नाही. सगळे म्हणतात, आम्हाला तेव्हाच कळलं होतं.

मी सापडेन. मी दोनदा घेतलंय.