दयारामऐवजी मी दिलेले उत्तर

अर्जदार : शेवंताबाई, बेवा दयाराम, मूळ राहणार मौजे आसगाव, हल्ली मुक्काम भंडारा.
गैरअर्जदार : तिचा थोरला भाऊ, म्हणजे प्रस्तुत लिहिणारा. शिक्षण सातवी नापास. व्यवसाय अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली.
काळ : आणीबाणी उठली त्या वर्षीची धानकापणी.
स्थळ : आसगावपासून बैलगाडीच्या अंतरावर असलेला एक लहान सरकारी दवाखाना.
साक्षीदार : एक, दयाराम – मयत. दोन, त्या दवाखान्याचे डॉक्टर – यांचे नाव देत नाही. त्यांच्या नावाला माझ्या लेखणीने एकदा पुरेशी इजा केलेली आहे. तीन, मी स्वतः.

सदर प्रकरण आजपर्यंत कोणापुढेही मांडलेले नाही. ना कचेरीत, ना देवापुढे, ना बहिणीपुढे. आपल्यापुढे प्रथमच मांडतो आहे. आपण माझे कोण? कोणी नाही – म्हणूनच बहुधा सांगणे जमेल. तरी मध्येमध्ये अडखळेन, ते चालवून घ्यावे.

प्रथम माझ्या व्यवसायाविषयी. ते आत्मस्तुतीसाठी नव्हे, प्रकरणाचे मूळच तेथे आहे. अर्ज लिहिणे म्हणजे माणूस सांगतो ते उतरवून घेणे – असा लोकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. माणूस सांगतो ते साहेबापुढे ठेवण्यासारखे क्वचितच असते. तो रडतो, शिव्या देतो, स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट आधी सांगून मोकळा होतो. माझे काम हे, की जे अर्जाला मारक ते गाळावे, जे अशोभनीय ते झाकावे, आणि उरलेले सुबक भाषेत मांडावे. या कामात माझा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही, असे मी समजत असे. वकीलसुद्धा मसुदा माझ्याकडून तपासून नेत. मी गाळलेली गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नसे.

दयाराम माझा मेहुणा. आसगावला त्याच्या धानाच्या बांध्या होत्या, घरचे खाऊन चार पोती विकण्याइतक्या. हसरा माणूस. मला तो कधी दादा म्हणाला नाही. मुन्शीजी म्हणायचा, आणि तेही अशा सुरात की आदर कोठे संपतो आणि थट्टा कोठे सुरू होते ते कळू नये. "काहो मुन्शीजी, सरकार चालवून थकले असान. बसा जराक." असे.

दर आठवडी बाजाराला तो भंडाऱ्यास येई. पिशवीत वर वांगी, खाली बाटली. मोहाची, पहिल्या धारेची. माझी पत्नी आधीच निवर्तली होती, खोलीत मी एकटा. दुपारी कचेरीला जेवणाची सुटी झाली की आम्ही दोघे दार लोटून बसत असू. सोबत मूठभर फुटाणे, बाकी पोट रिकामे. पहिला पेला त्याला कोणी दिला? मी. त्याच्या घरात कोणी शिवत नव्हते. "थोडी घेतल्याने विचार स्वच्छ होतात," असे मी त्याला म्हणालो होतो – याच शब्दांत, कारण असली वाक्ये मला सुचतात.

आणि त्याच सुमारास आसगावच्या बायकांनी गावातील दारूची भट्टी बंद व्हावी म्हणून अर्ज केला. लिहिला मी. पहिला अंगठा शेवंताचा. तो अर्ज मी चावडीसमोर मोठ्याने वाचून दाखवला, आणि वाचल्यावर सर्वांदेखत म्हणालो की मी स्वतः या विषाला आजन्म स्पर्श केलेला नाही. बायकांनी टाळ्या वाजवल्या. शेवंताने पदराने डोळे पुसले. दयाराम मागे उभा होता. त्याने खाली पाहिले, आणि त्याचे खांदे हसण्याने हलत होते.

भट्टी काही दिवस बंद झाली, मग नाल्यापलीकडे गेली. आमची बाटली चालूच राहिली.

त्या पावसाळ्यापासून दयारामच्या छातीत दुखू लागले. प्यायल्यावर तासाभराने सुरू होई. छातीच्या मधल्या हाडामागे आग, तोंडाला आंबट पाणी, आडवे झाले की अधिकच. मला हे नवीन नव्हते. माझ्याही छातीत तसे होई. "वायू आहे," मी निदान केले, आणि खाण्याचा सोडा पाण्यात घालून दिला. ढेकर आली, बरे वाटले, पुन्हा पेला भरला. मला वैद्यकातलेही कळते असे मला वाटत असे.

कापणीच्या दिवसांत शेवंताचा निरोप आला की यांना फार दुखून राहिले, तू ये. मी गेलो. दयाराम खाटेवर बसून होता. तोंड राखेच्या रंगाचे, कपाळावर घाम. गाडीत घातले. मी शेजारी, शेवंता मागे धानाच्या तणसावर बसलेली. गाडी खडखडत होती तेव्हा तो माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "मुन्शीजी, परसाकडे डांबरासारखं काळं होऊन राहिलं. हे बी डॉक्टरले सांगा लागते का?"

मी म्हणालो, "बोलणे माझ्यावर सोडा."

हे वाक्य मी रोज म्हणत असे. प्रत्येक अर्जदाराला. साहेबापुढे जाण्याआधी.

आता जे सांगायचे ते – पण आधी ती खोली सांगतो. टेबल, दोन खुर्च्या, तपासणीचा बाक. दाराला पडदा होता, आणि पडद्याखाली मला शेवंताची पावले दिसत होती. ती आत आली नव्हती, पण प्रत्येक शब्द तिला ऐकू जाणार होता. डॉक्टर तरुण होते, परजिल्ह्यातले, मराठी पुस्तकी. त्यांनी छाती तपासली, नाडी धरली, डोळ्यांची पापणी ओढून पाहिली. पोट दाबले. मग दयारामकडे पाहून – माझ्याकडे नव्हे, दयारामकडे – विचारले, "दारू घेता का? घेत असाल तर स्पष्ट सांगा. लपवू नका."

दयारामने तोंड उघडले.

तो सांगणार होता. याविषयी माझ्या मनात शंका नाही. माणूस घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस खरे बोलतो. ते रोखण्यासाठीच तर मला पैसे मिळत. मी पडद्याखालच्या पावलांकडे पाहिले, आणि त्याच्या आधी बोललो.

"नाही साहेब. यांच्या घराण्यात कोणीही मद्यास स्पर्श केलेला नाही. मी हमी देतो."

"शौचाला काळे वगैरे?"

"तसे काही नाही."

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी का तसे दिले? पहिले भयापोटी होते, हे समजते. दुसरे? – साहेबापुढे परसाकडचे काढणे मला असभ्य वाटले. इतकेच. दुसरे कारण मला आजवर सापडलेले नाही.

दयारामने माझ्याकडे पाहिले. मग पडद्याकडे. मग तोंड मिटले आणि मान हलवली – होय, हे म्हणतात तसेच.

डॉक्टर म्हणाले की, असे असेल तर हृदयाची शंका धरावी लागेल. येथे यंत्र नाही, भंडाऱ्यास न्या. तोपर्यंत पडून राहायचे, आणि या गोळ्या, दुखणे कमी करतात, रक्त पातळ ठेवतात. गोळ्या पांढऱ्या होत्या. शेवंताने त्या पदराच्या गाठीत बांधल्या.

परतताना दयारामने डोळे मिटलेलेच ठेवले. गाव दिसू लागल्यावर म्हणाला, "मुन्शीजी, माहा अर्ज तुमी लय झ्याक लिवला."

भंडाऱ्यास लगेच न्यायला हवे होते. पण गोळीने दुखणे जरा कमी झाले, कापणी अर्धी उभी होती, आणि मी म्हणालो की बाजाराच्या दिवशी नेऊ. शेवंताने गोळ्या वेळेवर दिल्या. त्याला अन्न जात नव्हते, म्हणून रिकाम्या पोटी दिल्या. एकही चुकवली नाही. हे मला तिनेच सांगितले, नंतर, अभिमानाने नव्हे – आपण कर्तव्यात उणे पडलो नाही ना, हे माझ्याकडून ऐकण्यासाठी. मी म्हणालो, "नाही पडलीस."

बाजाराचा दिवस उजाडण्याआधी त्याला उलटी झाली. आधी काळपट, मग लाल. ट्रक थांबवून मोठ्या दवाखान्यात नेले तेव्हा जीव होता. दुपारनंतर नव्हता.

तेथील वयस्क डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बाजूला घेऊन समजावले. हृदय नव्हते, म्हणाले. पोटात व्रण होता, त्यातून आधीपासून रक्त झिरपत असावे. अन्ननलिका छातीतूनच खाली जाते. दारूने तिचे आणि जठराचे अस्तर सोलवटते, आम्ल वर चढते, आणि माणूस छातीवर हात ठेवतो. पुष्कळदा असे असते. दारू आणि काळे शौच, एवढे कळले असते तर कोणीही ही गोळी दिली नसती. अशा पोटातून ती रक्त वाहते करते. मग त्यांनी विचारले, "पीत होते का?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि ते आत गेले.

येथेच थांबलो असतो, तर गुन्हा एक राहिला असता. पण तेरवी झाल्यावर शेवंता माझ्यापुढे येऊन बसली. नातलगांनी तिच्या कानावर घातले होते की डॉक्टरने चुकीची गोळी दिली. म्हणाली, "दादा, तू साऱ्या दुनियेसाठी लिवतं. माह्यासाठी लिव."

मी प्रत्येक अर्जदाराला विचारतो ते तिलाही विचारले – तुला नेमके काय पाहिजे? सवयीने विचारले. ती जे बोलली ते मी त्या अर्जात लिहिले नाही. मी लिहिले : "सदर वैद्यकीय अधिकाऱ्याच्या अक्षम्य हलगर्जीपणाची सखोल चौकशी होऊन योग्य ती कारवाई व्हावी." तो माझ्या आयुष्यातील सर्वोत्तम अर्ज आहे. दोन कारकुनांनी त्याची नक्कल मागितली होती.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले की त्यांनी दारूविषयी विचारले होते, नाही असे सांगण्यात आले. अधिकाऱ्यांनी मला विचारले, मयत मद्यपान करीत होता काय? आता पडदाही नव्हता. शेवंता माझ्या शेजारच्या खुर्चीवर होती.

मी म्हणालो, "नाही."

आणि शेवंता म्हणाली, "माहा दादा खोटं नाही बोलत, साहेब. यायनं कधी शिवली नाही."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. रागाने नाही. ते बहुधा आठवत होते – दयारामचे उघडलेले तोंड. त्यांची बदली झाली, दूर कोठेतरी. पुढे त्यांनी किती रोग्यांना प्रश्न विचारला असेल, आणि किती उत्तरांवर विश्वास ठेवला असेल? मला माहीत नाही.

शेवंताला मूलबाळ नव्हते. बांध्या दिराने कसायला घेतल्या, ती माझ्याकडे आली. तेव्हापासून माझा भात तीच रांधते. दुपारी डबा घेऊन कडुनिंबाखाली येते, आणि माझ्याकडे बसलेल्या अर्जदारांना सांगते, "दादानं माह्या माणसासाठी लय धावाधाव केली." ते माझ्याकडे आदराने पाहतात. मी लेखणीचे टोक पुसतो.

दारू मी सोडली का? लगेच नाही. हेही सांगितले पाहिजे. तिच्या नकळत आणखी दोन पावसाळे घेत होतो. आता घेत नाही, पण छातीतील आग राहिली आहे, तीच, त्याच जागी. परवा जेवताना घास अडला आणि हात आपोआप छातीवर गेला. शेवंताने ते पाहिले. ताट बाजूला सारून म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊ. मी येतो संगं. तू साहेबापुढं काही सांगत नाही नीट. डॉक्टरले मी सांगीन सारं."

अर्जाच्या शेवटी विनंती लिहावी लागते. गैरअर्जदाराला ती करता येत नाही. तो हक्क अर्जदाराचा. म्हणून त्या दिवशी, तेरवीनंतर, नेमके काय पाहिजे असे विचारल्यावर अर्जदार शेवंताबाई जे बोलली, ते येथे प्रथमच, एकही शब्द न गाळता, न सुधारता दाखल करीत आहे :

"मले कोणाले शिक्षा नाही पाह्यजे, दादा. यायले काय झालं होतं, तेवढं कोणी तरी मले खरं सांगावं."