शेंदराखालचा चेहरा

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली असतील. तेव्हा ठाण्याला जुन्या देवांचं प्रदर्शन भरलं होतं. दगडी मूर्ती, पितळेचे देव, चित्रं काढलेल्या पोथ्या असं सगळं एका शाळेत मांडणार होते. त्यासाठी दोन गृहस्थ आमच्या कळव्याला तळ्यावरची देवी मागायला आले.

देवी म्हणजे शेंदराचा गोळाच होता. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदूर लावून नाक-डोळे काही उरले नव्हते. तिची पूजा आमच्या घराकडे, म्हणजे सासूबाईंकडे. गृहस्थ म्हणाले, शेंदूर काढावा लागेल. गावचे पंच म्हणाले, देवीच्या अंगाला कोण हात लावणार?

सासूबाईंनीच वाट काढली. देऊळ दुरुस्त करताना देवाचं तेज पाण्याच्या कलशात उतरवून ठेवतात. भटजींनी तसं केलं. कलश आमच्या देव्हाऱ्यात आला. सासूबाई त्या गृहस्थांना म्हणाल्या, "देवी माझ्या घरी हाय. आता तो दगड हाय. धुवा नायतर घासा."

आम्ही बायका खाडीच्या पुलावरून चालत प्रदर्शन बघायला गेलो. सगळ्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, तर तिथला शिपाई हसला. आत दोरी बांधली होती. तरी कोणीतरी विष्णूच्या पायाशी झेंडूची फुलं ठेवलीच होती. पोथीतली चित्रं मी वाकून वाकून बघितली. इतका निळा रंग मी कधी बघितला नव्हता.

आमची देवी खिडकीजवळ होती. काळा, गुळगुळीत दगड. मान जरा कललेली, ओठांत हसू, आणि मांडीवर बाळ. बाळानं तिच्या गळ्यातली माळ मुठीत धरलेली.

सासूबाई दोरीपर्यंत पुढे गेल्या. मग म्हणाल्या, "एवढी वर्षं हिला तेल घालतंय, हिला पोर हाय ते आज कळलं."

शेजारची काकू म्हणाली, "तुम्ही कधी इचारलंत काय?"

सगळ्या हसल्या. मला मात्र तिथून हलवेना. घरी जाताना एकच मनात येत होतं, परत आली की हिला पुन्हा शेंदूर फासणार. माझ्या हयातीत हा चेहरा पुन्हा दिसायचा नाही.

प्रदर्शन संपलं, देवी बैलगाडीतून परत आली. भटजी कलश घेऊन बसले. काकूनं वाडगाभर शेंदूर तेलात कालवून आणला होता. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मान खाली घालूनच वावरले. पण काकूनं बोटं वाडग्यात बुडवली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, बाळाच्या तोंडावर नको."

"अगो बाय, हिला वाचा फुटली," काकू म्हणाली. "शेंदूर नाय लावला नि देवी कोपली तर? तू निस्तरशील?"

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी काकूच्या हातातून वाडगा घेतला.

"कोपायला ती अजून आत आलीय कुठं? कलशातच हाय. ठरवायचं ते आताच ठरवा. एकदा आत आली, मंग तिच्या अंगावरचा शेंदूर काढायची छाती कोनाची?"

एक म्हातारे पंच म्हणाले, "रीत हाय ती."

"रीत मोडत नाय. पायाला लावतंय." त्यांनी देवीच्या पायांना आणि खालच्या बैठकीला शेंदूर लावला. कपाळावर कुंकवाचं एक बोट टेकवलं. मग भटजींना म्हणाल्या, "घाला आता पाणी."

भटजींनी मंत्र म्हणत कलशातलं पाणी देवीच्या डोक्यावर ओतलं. ते गालांवरून ओघळून बाळाच्या मुठीत साठलं.

दुसऱ्या सकाळी पूजेला सासूबाईंनी मला बरोबर नेलं. तळ्यावर दोघी-तिघी कडेवरच्या पोरांना देवीचं बाळ दाखवायला आल्या होत्या. एरवी तेलाची पळी सासूबाई कोणाच्या हातात देत नसत. त्या दिवशी माझ्या हातात दिली.

"बेतानं घाल," त्या म्हणाल्या. "पोराच्या डोळ्यांत जाईल."